मोठं इंजिन, जुना गिअरबॉक्स

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडमध्ये बलेनोचं इंजिन चेनपुलीला लटकत होतं आणि खाली बॉनेट उतरवलेली झेन उभी होती. झेन माझ्या मावसभावाची. मूळ इंजिन ९९३ सीसीचं, वर लटकलेलं १५९० सीसीचं. मिस्त्रींनी एका हाताने साखळी ओढली, दुसऱ्या हाताने इंजिन तोलून धरलं आणि चार बोल्ट हाताने चढवून दाखवले. आमचे चेहरे फुललेले पाहून ते म्हणाले, "इंजिन बसतंय हो. अर्ध्या दिवसाचं काम आहे ते. महिना जातोय तो बाकीच्यात." प्रत्यक्षात सात आठवडे गेले.

तेव्हापासून ज्याने ज्याने आपल्या मॅन्युअल गिअरच्या गाडीत जुन्या बाजारातलं मोठं इंजिन टाकलं आहे, त्याच्याशी बोलत आलो आहे. हौस खरी असते. आवडत्या गाडीचं बॉडीपत्रं धड असतं, इंजिन थकलेलं असतं, रिंग-पिस्टन आणि हेडच्या कामाचा खर्च ऐकला की मनात येतं, एवढे पैसे घालायचेच तर त्याच घरातलं मोठं इंजिन का नको? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र इंजिनापेक्षा इंजिनाच्या मागे काय आहे यावर अवलंबून असतं.

हे काम आपल्याकडे आधी कारखान्यांनीच केलं. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली काँटेसा आणली. गाडी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलच्या साच्यावरची, लांबरुंद, वजनदार. आणि तिच्या नाकात अँबेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. घाट चढताना ती दमायची. पुढे कंपनीने इसुझूचं १८१७ सीसीचं, ८८ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि काँटेसा खऱ्या अर्थाने गाडी झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हाच इसुझू थोडा मवाळ होऊन, ७५ अश्वशक्तीचा, अँबेसेडरमध्ये आला. दोन्ही वेळा इंजिनासोबत पाच गिअरचा नवा बॉक्सही आला, जुना चार गिअरचा बॉक्स पुढे रेटला नाही. मारुतीच्या जिप्सीचंही तेच. १९८५ ची जिप्सी ९७० सीसीची, ४५ अश्वशक्तीची. १९९६ ला जिप्सी किंग आली ती १२९८ सीसी आणि साठ अश्वशक्ती घेऊन. नंतर त्याच मापाच्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाने ऐंशीचा आकडा गाठला. ज्यांच्याकडे ड्रॉइंग होती, चाचणीचे बाक होते, त्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी फोडली नाही. गॅरेजमध्ये पहिला मोह नेमका ती जोडी फोडण्याचा होतो, कारण बॉक्स गाडीत आहेच, तो चांगला चालतोय, मग पैसे कशाला घालायचे?

खेडोपाड्यांत हा प्रयोग वेगळ्या वाटेने झाला. पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या विलीज जीपमध्ये डिझेल इंजिनं बसली. कुणी टेम्पोचं बसवलं, कुणी ट्रॅक्टरच्या जातीचं. यातल्या अनेकांचा अनुभव एकच: इंजिन मोठं झालं, ओढ वाढली, पण गाडी पळेना. त्याचं गणित सोपं आहे. जुन्या जीपचं क्राऊन-पिनियन ५.३८ ला १ चं. टॉप गिअरमध्ये बॉक्समधून फिरणं सरळ जातं, म्हणजे इंजिनाचे ५.३८ फेरे झाले की चाक एकदा फिरतं, आणि सोळा इंची रिमचं जुनं टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर पुढे जातं. मूळ पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांपर्यंत जायचं. तेव्हा गाडीचा वेग येतो ताशी ९८ किलोमीटर. डिझेल ३,००० ला थांबलं तर वेग ७४ वर अडतो. आणि ट्रॅक्टरच्या जातीचं, २,००० ला बांधलेलं इंजिन असेल तर ४९. याच्यापुढे गाडी दाबली तरी जात नाही, फक्त ओरडते. ज्यांनी क्राऊन-पिनियन बदललं त्यांचं समाधान झालं. ज्यांनी नाही बदललं त्यांनी वर्षभरात इंजिनाला दोष दिला आणि तेही विकलं.

माझ्या मते सगळ्यात शहाणी अदलाबदल ती, जी एका कुळात होते. सुझुकीचं 'जी' कूळ हे त्याचं उत्तम उदाहरण. झेनचं ९९३ सीसी, एस्टीमचं १२९८ सीसी आणि १९९९ मध्ये आलेल्या बलेनोचं १५९० सीसी ही तिन्ही एकाच वंशाची. झेनच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ६१. एस्टीमचा ७४ आणि ७५.५; बलेनोचा ७५ आणि ९०. आकडे नीट पाहिले तर कळतं की व्यास जेमतेम तीन मिलिमीटर वाढला, वाढला आहे तो स्ट्रोक. पिस्टन जास्त लांब पल्ला मारतो म्हणून खालच्या फेऱ्यांतच जोर येतो, घाटात गिअर कमी बदलावे लागतात. त्याच कारणाने ब्लॉक उंच होतो. आमच्या झेनचं बॉनेट लागेना ते यामुळेच. माउंटिंग खाली घ्यावं लागलं, मग ऑइल चेंबर रस्त्याच्या जवळ आला, मग त्याला संरक्षक पत्रा करावा लागला. एका सेंटीमीटरने तीन कामं काढली.

अमेरिकेत हेच कूळ दुसऱ्या रूपात प्रसिद्ध आहे. आपल्या जिप्सीची बहीण तिथे सामुराय नावाने विकली गेली, १.३ लिटरची. तिच्यात सुझुकीच्याच साइडकिक गाडीचं १.६ लिटरचं इंजिन घालणं हा तिथल्या जंगलवाटांवर हिंडणाऱ्यांचा जुना रिवाज आहे, कारण बेल हाउसिंगची भोकं जुळतात. आपल्याकडे होंडा सिटीच्या पहिल्या पिढीतल्या १.३ मध्ये १.५ व्हीटेक घालणारे होते, तेही याच न्यायाने. पण कंपनी एक म्हणून कूळ एक असं समजायचं नाही. होंडाची जुनी डी आणि बी कुळातली इंजिनं एका दिशेने फिरतात आणि नंतरचं के कूळ बरोबर उलट. के इंजिनाला जुना गिअरबॉक्स लावायचा विचारच करता येत नाही; बॉक्स, शाफ्ट, माउंटिंग सगळं त्याचंच आणावं लागतं.

कूळ वेगळं असेल तर मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. त्याच शेडमध्ये एका जिप्सीत स्विफ्टचं १.३ लिटरचं डिझेल बसवत होते. लेथवरून जाड प्लेट करून आणली होती, भोकं सुंदर जुळत होती. मालक खूश. मिस्त्रींनी फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक बेस चिकटवला, डायल गेजचं टोक बेल हाउसिंगच्या आतल्या गोल कडेला टेकवलं आणि पोराला क्रँक सावकाश फिरवायला सांगितलं. काटा शून्यावरून निघाला आणि पूर्ण फेऱ्यात मिलिमीटरच्या पस्तीस शतांशांपर्यंत गेला. म्हणजे क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य याच्या निम्म्याने हुकला होता. एवढीशी चूक डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. पण मिनिटाला तीन हजार फेरे फिरताना शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकवला जातो. आधी बेअरिंग गुणगुणतं, मग क्लच सोडताना गाडी थरथरते, मग प्लेटच्या स्प्लाइन खातात, आणि शेवटी चढावर गिअर निसटतो. जाणकार एकूण फरक पाच थाऊच्या, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण तेरा शतांशांच्या आत ठेवतात. मिस्त्रींनी डॉवेल काढल्या, ऑफसेट डॉवेल करायला दिल्या, दोन दिवस थांबले. मालकाची चुळबुळ चालली होती. तिसऱ्या दिवशी काटा बारावर थांबला तेव्हाच त्यांनी बोल्ट आवळायला घेतले. हे दोन दिवस वाचवणारी गॅरेजं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडून आलेल्या गाड्या दुरुस्त करणारीही पुष्कळ.

प्लेट मध्यावर आली तरी क्लच उरतोच. फ्लायव्हील इंजिनाचं, पण त्याचे दाते गाडीच्या स्टार्टरशी जुळले पाहिजेत. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या मापाची. क्लचप्लेटचा बाहेरचा व्यास इंजिनाच्या जोराप्रमाणे, मधलं स्प्लाइन गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे. म्हणजे एकाच तबकडीत दोन गाड्या एकत्र येतात. शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये नीट पोचतंय का, रिलीज बेअरिंग किती पुढे येतं, पॅडल केबलवर आहे की हायड्रॉलिक, हे सगळं गिअरबॉक्स लावायच्या आधी टेबलावर मांडून मोजायचं असतं. एकदा बॉक्स वर चढला की मग दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

आता ताकदीचा मुद्दा. लोक अश्वशक्ती विचारतात, पण गिअरचे दाते मोडतो तो टॉर्क. स्विफ्टचंच पाहा. तिचं सुरुवातीचं पेट्रोल इंजिन ८७ अश्वशक्तीचं आणि डिझेल ७५. कागदावर डिझेल कमकुवत. पण पेट्रोलचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर आणि डिझेलचा १९०. हे डिझेल म्हणजे फियाटचं मल्टिजेट, आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातही पूर्वी तयार होणारं. एके काळी देशातल्या कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत तेच असायचं, त्यामुळे जुन्या बाजारात ते भरपूर मिळतं आणि हौशी लोकांची नजर त्याच्यावरच जाते. पण पेट्रोलच्या बॉक्सला ते जोडणं म्हणजे बैलाच्या जोखडाला रेडा जुंपणं. पहिल्या गिअरमध्ये बॉक्स आणि क्राऊन मिळून टॉर्क समजा चौदा पट होतो. ७५ न्यूटन-मीटर देणारं लहान इंजिन शाफ्टवर १,०५० पाठवतं. १३० देणारं १,८२०. बॉक्सने आयुष्यभर पहिला आकडा सोसलेला असतो. आमच्या झेनचा बॉक्स लगेच मोडला नाही. पाचव्या महिन्यात आधी बाहेरचा जॉइंट टकटकू लागला, मग दुसऱ्या गिअरचा सिंक्रो गेला. शेवटी मोठ्या गाडीचा बॉक्स आणावा लागला, जो पहिल्याच दिवशी इंजिनासोबत मिळत होता. जोडी विकत घ्या, ही माझी पहिली आणि आग्रहाची सूचना त्या खर्चातून आलेली आहे.

तरीही मॅन्युअल गाडीत हे काम शक्य तरी आहे, याचं कारण तिचा बॉक्स साधा आहे. इंजिन कुठलं, किती सिलिंडरचं, हे त्याला कळायची गरज नसते. आपल्या शाफ्टवर फिरणं आलं, ते त्याने पुढे दिलं. कधी गिअर बदलायचा हे चालवणाऱ्याचा कान आणि पाय ठरवतात. ऑटोमॅटिक बॉक्स सतत इंजिनाच्या संगणकाला विचारत असतो, थ्रॉटल किती, भार किती. परक्या इंजिनाची भाषा त्याला समजली नाही तर तो रुसून एकाच गिअरमध्ये अडतो. मॅन्युअलमध्ये ही मध्यस्थी माणूस करतो.

संगणक मात्र इंजिनापुरता उरतोच. कार्ब्युरेटरच्या काळात चार वायरी जोडल्या की काम भागायचं. इंजेक्शन आल्यापासून इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू, अखंड वायरिंग, सगळे सेन्सर आणि चोरीविरोधी किल्ली असेल तर ती किल्लीसुद्धा एकाच गाडीतली हवी. भंगारवाले बहुतेक वेळा घाईने वायरिंग कापतात. कापलेल्या वायरिंगचं इंजिन स्वस्त मिळतं आणि नंतर महिनाभर इलेक्ट्रिशियनच्या दारात उभं करतं.

जुनं इंजिन निवडायचं कसं, याबद्दल गॅरेजवाल्यांचं आणि माझं पूर्ण एकमत आहे: चालू गाडीतलं घ्या, चालताना ऐका, मग उतरवून घ्या. कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार इथे इंजिनं रांगेत मांडलेली असतात, वरून डिझेलने पुसून चकचकीत केलेली. चकाकी पाहू नये. ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाच्या कॉफीसारखा थर आहे का पाहावं. असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलं आहे. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजावं. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत आहेत का हे महत्त्वाचं; एक जरी फार खाली असेल तर ते इंजिन तुम्हाला पुन्हा उघडावं लागणार. चालू असेल तर ऑइलचं झाकण सैल करून बघावं. आतून वाफाळत धक्के येत असतील तर रिंगा गेल्या. आणि सगळ्यात आधी इंजिन नंबर. खोडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा घासलेला नंबर असेल तर भाव कितीही चांगला असो, तिथून निघावं. बिल आणि मूळ गाडी मोडीत काढल्याचे कागद मागावेत. ते नसतील तर तुम्ही कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या गाडीचं काळीज विकत घेत असाल.

रेडिएटर मोठा हवा, पुढच्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे हव्यात, हे कुणीही सांगेल. ब्रेकबद्दल मात्र आग्रहाने बोललं पाहिजे. ताशी ८० ऐवजी ११० ने धावणारी गाडी थांबवायची तर ब्रेकला जवळपास १.९ पट उष्णता सोसावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चारी चाकांना ड्रम असलेल्या जीपमध्ये मोठं इंजिन घालून कुणी खंबाटकी घाट उतरू लागला की माझा जीव खालीवर होतो. जर्मनीत असे बदल तपासणारा अभियंता इंजिनाबरोबर ब्रेकही तपासतो आणि मगच कागदावर सही करतो. हा क्रम मला फार योग्य वाटतो.

आणि कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला आणि उच्च न्यायालयाचा सैल निकाल बाजूला केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. थकलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचं, त्याच जातीचं इंजिन घालून परिवहन कार्यालयाकडून नवा नंबर आरसीवर चढवून घेता येतो. ९९३ च्या जागी १५९० मात्र नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर पाहते. समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचा प्रश्न तिथे अडकू शकतो, आणि मला यातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटते.

पण याच कलमात एक दार उघडं ठेवलेलं आहे. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी मंजूर किट बसवून इंजिनात बदल करता येतो. किट पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं, प्रमाणपत्र मिळतं, मग गाडीवर चढतं. पेट्रोल गाडीचं आख्खं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवायला मान्यता मिळू शकते, तर एकाच कंपनीच्या, एकाच कुळातल्या, एकाच बॉक्सच्या जोडीने आलेल्या इंजिनाला तपासून मान्यता का मिळू नये? इतर देशांनी वाटा काढल्या आहेत. कॅलिफोर्नियात नवं बसवलेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची धूर आवरणारी सगळी साधनं सोबत हवीत, आणि सरकारने नेमलेला पंच ते तपासतो. ब्रिटनमध्ये गाडीची मूळ ओळख टिकली की नाही हे ठरवायला वर्षानुवर्षं गुणांची पद्धत वापरली गेली: चासीला पाच गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला एक. आठ गुण टिकले की नंबर टिकला. त्या हिशोबात इंजिन बदललेली गाडी तीच गाडी राहते. सरसकट मोकळीक द्यावी असं मी म्हणत नाही. त्या जिप्सीच्या डायल गेजचा काटा मी पाहिला आहे. तपासणीची सोय करावी, शुल्क घ्यावं, ब्रेक आणि धूर पाहावा, आणि जी गाडी कसोटीला उतरेल तिला शिक्का द्यावा. आज चांगलं काम करणारा मिस्त्री आणि घाईने प्लेट ठोकणारा मिस्त्री कायद्यापुढे सारखेच गुन्हेगार आहेत, आणि त्यामुळे चांगल्या कामाला दाखवायला जागाच नाही.

मावसभावाने परिवहन कार्यालयात विचारलं होतं. उत्तर नकारार्थी आलं, सभ्य शब्दांत. त्याने एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळली होती: मूळ इंजिन विकलं नव्हतं. ऑइल लावून, ताडपत्रीत गुंडाळून ते गोठ्याच्या कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर ठेवलं होतं. मुलगी कॉलेजला त्याच गाडीने जाऊ लागणार होती, तेव्हा त्याने झेन पुन्हा उद्यमनगरात नेली. मिस्त्रींनी नव्या रिंगा घातल्या, जुना बॉक्स सिंक्रो बदलून परत लावला, आरसी हातात धरून नंबर ताडून पाहिला. बलेनोचं इंजिन आता त्या शेडमध्ये लोखंडी घोडीवर उभं आहे. शिकाऊ पोरं त्याच्यावर डायल गेज लावायला शिकतात.